दुबईत मी केलेला परिचय

दुबईहून आल्यापासून साताऱ्यात ज्याने त्याने मला तेच दोन प्रश्न विचारले. तिथे सोनं खरंच स्वस्त मिळतं का, आणि रस्त्यावर थुंकलं तर खरंच पकडतात का. दोन्हींची उत्तरं मी दिली. खाडीतल्या होड्या, वातानुकूलित दुकानं, वाळवंटातली हिरवळ यांचं वर्णनही केलं, आणि चहा संपला की विषय बदलला. प्रवासातला खरा सांगण्यासारखा भाग मी कोणालाही सांगितला नाही, कारण सांगायची लाज वाटते. आता दिवाळी अंकाच्या संपादकांनी प्रवासवर्णन मागितलं. दोनदा लिहायला बसलो, दोन्ही वेळा इमारतींच्या उंचीवर येऊन थांबलो. उंची लिहिणं सोपं होतं, म्हणूनच ते कागद फाडून टाकले.

मी भूमी अभिलेख खात्यात आहे. भूकरमापक म्हणून लागलो, म्हणजे लोकांच्या भाषेत मोजणीदार. आयुष्य बांध, हद्दीचे दगड आणि गटाचे नकाशे यांत गेलं. आमच्या कामात चूक म्हणजे दोन भावांची डोकी फुटणं, त्यामुळे जे आहे ते जसंच्या तसं लिहायची सवय हाडात मुरलेली आहे. ही सवय चांगलीच असते असं मी या जानेवारीपर्यंत समजत होतो.

बर दुबई

माझा धाकटा भाऊ सुहास दुबईत एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज काढणारा, आहे. संक्रांतीच्या सुमाराला त्याने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. सुशीलाचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, हा पहिलाच विमानप्रवास. माझाही पहिलाच, पण ते मी शेजारच्या प्रवाशाला सांगितलं नाही.

सुहासचं घर बर दुबईत, मीना बाजाराच्या मागच्या अंगाला. खाली उतरलं की साड्यांची दुकानं, पुढे खाडी, आणि खाडीलगतच्या अरुंद बोळात देवळं. फुलांच्या पुड्या, उदबत्तीचा वास, चपला सांभाळणारा माणूस, सगळं आपल्यासारखं. फरक इतकाच की पलीकडच्या मशिदीची बांग आणि इकडची घंटा कधीकधी एकाच वेळी ऐकू येतात आणि कोणी मान वर करून बघत नाही. खाडी ओलांडायला अब्रा नावाची लाकडी होडी. भाडं अर्धा दिरहम. सुहासची बायको वैशाली कुठल्याही वस्तूची किंमत दिरहममध्ये सांगते आणि त्याच श्वासात मोठ्याने रुपयांत बदलते. ‘अर्धा दिरहम, म्हणजे भाऊजी, सहा रुपये.’ तेव्हा दिरहम पावणेबारा रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सहाला थोडे कमी. मी तसं म्हटलं तर पुतणी केतकी मान न वळवता म्हणाली, ‘काका, नोबडी केअर्स.’

मला एक खोड आहे, आणि ती माझ्या एकट्याची नाही. नवा माणूस भेटला की आपण विचारतो, मूळचे कुठले? राहतो कुठे हे कळून आपलं भागत नाही. मूळ गाव कळलं, तालुका कळला, तिथला एखादा ओळखीचा निघाला की मग माणूस नीट जागेवर बसतो. दुबईत मी हाच प्रश्न घेऊन हिंडत होतो. टॅक्सीवाला पेशावरकडचा निघाला. कापडाचा सिंधी दुकानदार म्हणाला की आजोबांचं गाव ठठ्ठा, पण त्याने ते बघितलेलं नाही. अब्रा चालवणाऱ्या माणसाने तर मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं.

त्या दिवशी घरी आल्यावर सुहासने मला गॅलरीत नेलं. ‘दादा, एक सांगू? इथे माणसाला कंपनी कुठली विचारतात. गाव विचारत नाहीत.’

मी म्हटलं, गाव विचारण्यात वाईट काय आहे?

‘वाईट काही नाही रे. पण कोणाचं गाव कसं सुटलंय आपल्याला काय माहीत? ज्याला सांगायचं असेल तो सांगतो. नसेल तर खलास.’

मला ते परदेशातल्या माणसांचं कोरडेपण वाटलं. तसं मी रात्री सुशीलाला बोलूनही दाखवलं.

रास अल खैमाच्या वाटेवर

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, सुहासने रास अल खैमाला न्यायचं ठरवलं. तिकडे सिमेंट कारखान्याच्या वाढीव बांधकामाचं त्याच्या कंपनीकडे काम होतं आणि जवळच डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे. सुहासची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून कंपनीचे सेफ्टी ऑफिसर त्यांच्या गाडीतून आम्हाला न्यायला आले. त्यांना मी इथे यूसुफ म्हणतो.

पन्नाशीचा, उंच, केस पूर्ण पांढरे. अरबी माणूस, पण पासपोर्ट उत्तर युरोपातल्या एका देशाचा. ऑफिसात सगळे त्याला त्या देशाच्या नावानेच ओळखायचे. बोलायचा इंग्रजीत, मध्येच साइटवरची हिंदी. मी नको म्हणत असतानाही मला तो ‘मुहंदिस’ म्हणायला लागला, म्हणजे इंजिनिअर. मी इंजिनिअर नाही, फक्त जमीन मोजतो, असं म्हटल्यावर हसून म्हणाला की मग तर जास्तच मोठे, इंजिनिअर फक्त घर बांधतो.

शारजा मागे पडल्यावर रस्ता सरळ. डावीकडे समुद्र असल्याचा नुसता भास, उजवीकडे वाळू. रास अल खैमाजवळ डोंगर दिसू लागले. आमचा मे महिन्यातला अजिंक्यतारा या डोंगरांपुढे हिरवागार म्हणावा लागेल. पानाचं नाव नाही. ऊन पडलं की खडकाच्या घड्या मोजता येतात.

झऱ्यांवर बायकांची आणि पुरुषांची स्नानगृहं वेगळी. सुशीला आणि वैशाली आंघोळ करून बाहेर आल्या आणि ओल्या पायरीवरून सुशीला घसरली. कपाळ दगडाच्या कडेवर आपटलं. रक्त इतकं आलं की मी जागच्या जागी उभा राहिलो. सुहास फोनसाठी धावला. यूसुफने गाडीतून प्रथमोपचाराची पेटी आणली, तिला सावलीत आडवं केलं, जखम दाबून धरली, पट्टी बांधली, नाडी बघितली. सगळं असं सावकाश, जणू जेवायला पानं मांडतोय. सुशीला घाबरली होती. तो तिला हिंदीत म्हणाला, ‘बहन, माथा है, खून जास्ती आता है, डरना नहीं.’ नंतर इस्पितळात टाके घालताना केरळी डॉक्टर म्हणाला की पट्टी बांधणाऱ्याने हे काम पूर्वी पुष्कळ केलेलं दिसतंय.

टाके घालून झाल्यावर सुशीलाला भूक लागली, म्हणजे ती बरी होती. साइटवरच्या कँटीनच्या ओसरीवर बसून जेवलो. यूसुफने स्वतःचा डबा उघडला. पातळ रोटी, ऑलिव्हचं तेल, आणि झातर नावाची एक कोरडी, तिळाची, जरा आंबटसर पूड. रोटीचा तुकडा तेलात बुडवायचा आणि पुडीला लावायचा. सुशीला म्हणाली, ही तर आपली चटणी आणि तेल. तिने डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढून त्याला दिली. तिखटाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्याने दुसऱ्यांदा घेतली.

तिथे मी विचारलं. इतकी चांगली पट्टी बांधायला कुठे शिकलात? आणि उत्तराची वाट न बघता पुढचं विचारलं. तुमचं मूळ गाव कुठलं? सुहास हात धुवायला गेला होता. तो असता तर त्याने मला थांबवलं असतं.

यूसुफने हातातला रोटीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाला, ‘तू जमीन मोजतोस ना, मग तुला सांगतो.’

तो पॅलेस्टिनी. जन्म लेबनॉनमधल्या निर्वासितांच्या छावणीतला. मूळ गाव त्याने पाहिलेलंच नाही, ते आता नकाशावर नाही. पण बापाने त्याला शेताच्या चारही हद्दी पाठ करून दिल्या होत्या. कुठल्या बाजूला कोणाचं शेत, कुठे ओढा, कुठलं झाड कोणाच्या मालकीचं. बावीस दुनम जमीन. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, दहा गुंठ्यांना थोडं कमी. मी हिशेब केला, साडेपाच एकरांना जराशी कमी. त्याने एवढ्या खात्रीने हद्दी सांगितल्या की मी सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर गटाचा नकाशा काढून दिला, आपल्याकडे काढतात तसा, शेजाऱ्यांच्या नावांसकट. तो कागद त्याने घडी करून पासपोर्टच्या कव्हरात ठेवला.

मग बाकीचंही त्याने सांगितलं. तरुणपणी तो एका सशस्त्र संघटनेत गेला. बंदूक होती. पण त्याचं मुख्य काम अंतरं मोजण्याचं. तोफगोळा कुठे पडेल ते ठरवायला कोणीतरी अंतर अचूक सांगावं लागतं. त्यात तो पटाईत, म्हणून साथीदारांनी त्याला एक टोपणनाव दिलं, आपल्याकडे गावात मोजणीदाराला ठेवतात तसलं. शेवटची वर्षं तो संघटनेच्या दवाखान्यात होता, पट्ट्या बांधणं तिथलं. मोजलेले गोळे कुठे पडले, असं मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. ‘बघायला मी कधी गेलो नाही.’ हे बोलताना त्याचा आवाज बदलला नाही, पण डबा त्याने झाकून ठेवला.

बैरूत सोडावं लागल्यावर आधी ट्युनिसिया, मग तो युरोपातला देश. तिथे आश्रय, पुढे काही वर्षांनी नागरिकत्व. बायको आणि दोन मुली तिथेच आहेत, मोठी नर्सिंग शिकते.

मला हे ऐकून काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहितो. मला आनंद झाला. माणूस जागेवर बसला, असं वाटलं.

तिळगुळाचा कार्यक्रम

तिथली मराठी मंडळी संक्रांतीनंतरच्या एका शुक्रवारी तिळगुळाचा कार्यक्रम करतात. कारामा भागातल्या एका उपाहारगृहाचा वरचा हॉल, गुळाची पोळी, मुलांची गाणी, बायकांचं हळदीकुंकू. सेक्रेटरी गोखले अतिशय उत्साही गृहस्थ. सुशीलाच्या कपाळावरचे टाके बघून सगळी हकीकत ऐकल्यावर म्हणाले, ‘मग त्यांचा सत्कार करायलाच हवा. शाल, श्रीफळ. आपल्या बहिणीला रक्तबंबाळ अवस्थेत वाचवलं म्हणजे काय!’

आपल्याकडे उपकार फेडायची ही पद्धत आहे. चार लोकांसमोर उभं करायचं, खांद्यावर शाल घालायची, हातात नारळ द्यायचा. आणि सत्कार म्हटला की परिचय आला. गोखल्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं की पाहुणे मूळचे इजिप्तचे असून सध्या युरोपात स्थायिक आहेत. मी म्हटलं, हे चूक आहे. चुकीचा परिचय करण्यापेक्षा न केलेला बरा. परिचय मी करतो.

सुहासला मी यातलं काही सांगितलं नाही. तो कामात होता, आणि त्याला वाटत होतं की मी दोन शब्द आभाराचे बोलणार.

दोन फुलस्केप कागदांवर मी परिचय लिहिला. वडिलांचं नाव, गावाचं नाव, बावीस दुनम आणि त्याचे एकर, छावणी, संघटनेतली वर्षं, टोपणनाव आणि ते का पडलं, नंतरचा देश. ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्द मी घातला, कारण आपल्या सभागृहात याहून मोठा मान नसतो. एखाद्या गोळ्याखाली कोण सापडलं असेल हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नव्हता, असं म्हणता येणार नाही. आला होता. पण तो परिचयात बसत नव्हता.

यूसुफ कोट घालून आला होता. त्याला पहिल्या रांगेत बसवलं. मुलांनी त्याच्या हातावर तिळगुळ ठेवला तेव्हा सगळ्यांसारखा तोही ‘गोड बोला’ म्हणाला आणि मुली हसल्या. मी मराठीत बोलत होतो, त्यामुळे त्याला काही कळत नव्हतं. शाल नीट धरून, नारळ मांडीवर ठेवून तो पाहुण्यासारखं हसत होता. मग त्या न कळणाऱ्या भाषेतून त्याला त्याच्या बापाचं नाव ऐकू आलं. मग गावाचं. मग ते टोपणनाव, जे मी स्पष्ट कळावं म्हणून दोनदा उच्चारलं.

हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण ते आता त्याचं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. फोटो काढणाऱ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगेतले काही उभे राहिले. गुळाच्या पोळ्या वाढायला सुरुवात झाली तोवर तो निघून गेला होता.

सुहास माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता. ‘दादा, हे सगळं तुला कोणी सांगितलं?’

‘त्यानेच.’

‘सहा वर्षं आम्ही शेजारच्या टेबलावर बसतो. मला माहीत नव्हतं.’ मग हळू आवाजात म्हणाला, ‘मी मुद्दाम माहीत करून घेतलं नव्हतं.’

धक्क्यावर

दुसऱ्या दिवशी यूसुफ ऑफिसात गेला नाही. दुपारी त्याने मला खाडीच्या पलीकडच्या धक्क्यावर बोलावलं, जिथे इराणकडे जाणारी लाकडी गलबतं लागतात. धक्क्यावर फ्रीज, टायर, चहाच्या पेट्या यांचे ढीग उघड्यावर पडलेले असतात आणि कोणी त्यांना हात लावत नाही. त्या ढिगांमधून आम्ही चालत होतो. मला तो रागावेल असं वाटत होतं. रागावला असता तर सोपं झालं असतं.

त्याने मला समजावून सांगितलं, साइटवर नव्या कामगाराला समजावतात तसं. नागरिकत्व मिळालं म्हणजे माणूस सुटला असं बाहेरच्यांना वाटतं. ज्यांच्याविरुद्ध तो लढला ते विसरलेले नाहीत, आणि युरोपातला पासपोर्ट असला तरी कुठल्या विमानतळावर कोण कोणाच्या सांगण्यावरून बाजूला घेईल याची खात्री नसते. ज्यांच्या बाजूने लढला त्यांच्यातले काही म्हणतात, पासपोर्टसाठी विकला गेला. त्याच्या ओळखीच्या एकाला अशाच दुसऱ्या एका देशात घराच्या दारात मारलं. कोणी मारलं ते आजवर ठरलेलं नाही, दोन्ही बाजूंना कारण होतं. त्याच्या नव्या देशातली वर्तमानपत्रं विचारायला लागली आहेत की असल्या लोकांना नागरिक केलंच कशाला. आणि या इथल्या नोकरीत तर कुजबुज पुरते, व्हिसा रद्द व्हायला दुसरं कारण लागत नाही.

मी म्हटलं, पण तिथल्या सरकारला तुम्ही सगळं सांगूनच नागरिकत्व घेतलं ना?

‘सगळं सांगितलं. बंदूक सांगितली. छावणी सांगितली. एकच गोष्ट नाही सांगितली, ते नाव. कारण त्या नावाचा माणूस अजून काही जण शोधतात. काही लपवलं असं निघालं तर नागरिकत्व काढून घेता येतं. माझं गेलं तर मुलींचंही जाईल. त्यांच्याकडे दुसरा कुठला देश नाही.’

मी काहीतरी पुटपुटलो. माझा हेतू, आदर, असलं काहीतरी.

‘मुहंदिस,’ तो म्हणाला, ‘तुझं एक अक्षर चुकलं नाही. तुझ्या भावाने भाषांतर करून सांगितलं मला. जरा खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं?’

मग त्याने विचारलं की लिहिलेलं काही कुठे आहे का. होतं. कार्यक्रम संपल्यावर गोखल्यांनी ते दोन फुलस्केप ‘दफ्तरासाठी’ मागून घेतले होते, आणि मी परकी नावं चुकू नयेत म्हणून समासात त्यांची इंग्रजी स्पेलिंग लिहून दिली होती.

सुहासला ऑफिसातून बोलावून घेतलं आणि आम्ही तिघं तडक गोखल्यांच्या दुकानात गेलो. गोखले खूश. म्हणाले, कालच रात्री इंग्रजी पेपरच्या भारतीय पानासाठी फॅक्स केला, फोटो सकाळी मुलाने नेऊन दिला, दर वर्षी आपण पाठवतो. सुहासने तिथल्या तिथे पेपरला फोन लावला. पलीकडचा माणूस नम्र होता. पान लागलंय, पण बघतो, इन्शाल्ला, असं म्हणाला. सुहासने पुन्हा लावला, वेगळ्या माणसाला मागितलं, तोही नम्र होता. यूसुफ काउंटरला टेकून उभा होता. गोखल्यांना सगळं कळल्यावर ते खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. सत्कार त्यांनी ठरवला होता, पण मजकूर माझा होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रविवारी ते छापून आलं. छोटीशी चौकट. शाल पांघरलेला यूसुफ, हातात नारळ, चेहरा स्वच्छ ओळखू येणारा. खाली मजकूर काटछाट करून तीन-चार ओळींचा. एकर गेले होते, पट्टी बांधल्याची हकीकत गेली होती, सुशीलाचं नाव गेलं होतं. गाव राहिलं होतं, संघटनेत असल्याचं राहिलं होतं आणि टोपणनाव राहिलं होतं. स्पेलिंग बरोबर होतं.

त्या दिवशी वैशालीने जेवायला वाढलं आणि मी जेवलो, हेही लिहायला हवं.

सोमवारी संध्याकाळी यूसुफच्या घरचा फोन वाजला. त्याने उचलला. पलीकडून अरबीत एकाने त्या जुन्या नावाने सलाम केला, तब्येत विचारली, आणि फोन ठेवून दिला. आवाज ओळखीचा नव्हता. बोलण्यात धमकी अजिबात नव्हती, असं त्याने सुहासला सांगितलं, आणि ते सांगताना म्हणे तो पहिल्यांदाच सिगरेट ओढत होता. मंगळवारी कंपनीच्या व्हिसाच्या कामाच्या माणसाने त्याचा पासपोर्ट मागितला, नुसता बघायला. यूसुफने राजीनामा लिहून दिला.

निघताना

बुधवारी दुपारी तो सुहासच्या घरी आला. एक बॅग गाडीत, एवढंच सामान. हातात कागदी पिशवी आणि तिच्यात तो नारळ. शाल त्याने ठेवून घेतली होती, बायकोला आवडेल म्हणाला. नारळाचं काय करतात ते त्याला माहीत नव्हतं, आणि न विचारता टाकून देणं बरोबर वाटलं नाही.

सुशीलाने नारळ फोडला. अर्धा किसून त्यात गूळ घालून सारण परतलं, करंज्या करायला वेळ नव्हता म्हणून नुसतंच डब्यात भरून दिलं. यूसुफने स्वयंपाकघराच्या दारातच उभं राहून एक चमचा खाल्ला. तिच्या कपाळाकडे बघून हिंदीत म्हणाला की टाके चांगले सुकलेत, आता ऊन लागू देऊ नको.

मला म्हणाला, ‘नकाशा माझ्याजवळच आहे. तो बरोबर आहे. बापाला दाखवला असता.’

मी त्याच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेलो. जिभेवर प्रश्न होता. कुठे जाणार? कुठल्या देशात, कुठल्या गावात, मुलींकडे की आणखी कुठे? आयुष्यभर प्रत्येक जाणाऱ्या माणसाला मी हे विचारत आलो. लिफ्ट यायला वेळ लागला. मी विचारलं नाही. दार बंद होताना त्याने मान हलवली, जणू म्हणत होता, एवढं एक जमलं तुला.

त्यानंतर चार दिवस आम्ही दुबईत होतो. सुहासने आम्हाला सोन्याचा बाजार दाखवला, माशांचा बाजार दाखवला. मी सगळीकडे मान डोलावली. विमानात माझ्या शेजारी चिपळूणकडचा एक माणूस होता, साइटवर शटरिंगचं काम करणारा, तीन वर्षांनी घरी निघालेला. त्याने मला विचारलं, ‘काका, मूळचे कुठले?’ मी पुण्याकडचा म्हणालो.

जूनमध्ये सुहासचा फोन आला. यूसुफच्या देशातल्या नागरिकत्वाच्या खात्याने त्याच्याकडे त्या नावाबद्दल खुलासा मागितला आहे. मुलींच्या कागदांचंही काय ते त्यावर ठरणार. त्यांच्या वकिलाचं म्हणणं, वेळ लागेल. त्यापुढे सुहासलाही काही कळलेलं नाही, आणि तो विचारत नाही. मीही त्याला विचारत नाही. आता पेपरात रोज त्याच्या मूळ मुलखातल्या दगडफेकीच्या, गोळीबाराच्या बातम्या येऊ लागल्या आहेत. मी त्या वाचतो आणि नावं येतात तिथे थांबतो.

हे लिहावं की नाही यावर सुहासशी दोनदा बोललो. मग एकाच अटीवर लिहिलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकही माप जाणूनबुजून चुकीचं लिहिलेलं नाही. इथे लिहिलं आहे. यूसुफ हे नाव खोटं आहे, आणि बावीस दुनम, ट्युनिसिया, मुलीचं शिक्षण, त्याचं कंपनीतलं काम, संघटनेत तो काय करत होता आणि त्याला नाव कशावरून पडलं, यातलं काहीही जसं होतं तसं नाही. गरम पाण्याचे झरेही त्या दिवशी आम्ही पाहिले नाहीत. खरं आहे ते एवढंच, की मी बोललो.

काल सुशीलाने हे हस्तलिखित वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, ‘अहो, पण मला कपाळाला कुठे लागलं होतं?’

मी म्हटलं, ‘असू दे तसंच.’